नवीन पीएस५ घ्यावा का? घरात एकच टीव्ही, वेळ कमी, बजेट साधारण ५५ हजार

गोदाकाठचा_गेमर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी विचारतोच. वय छत्तीस, नाशिकला असतो, नोकरी साडेनऊ ते साडेसहा आणि घरी यायला सात. लहानपणी तो पिवळ्या कॅसेटवाला टीव्ही गेम होता ना, कॉन्ट्रा आणि मारिओवाला, त्यानंतर कॉलेजात सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक, आणि मग संपलंच सगळं. आता यंदा बोनस जरा बरा झालाय आणि पीएस५ (सोनीचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) घ्यायची जाम इच्छा आहे. बायको म्हणते घे, पण संध्याकाळी टीव्ही अडवायचा नाही. आणि तिचं बरोबर आहे कारण टीव्ही एकच, सात ते साडेनऊ आईच्या मालिका, त्यानंतर पोरगा (वय दहा) झोपतो आणि मग मला मिळाला तर तासभर मिळणार. पोरगा पण अर्थात मागे लागलाय, त्याला क्रिकेटचा आणि फुटबॉलचा पाहिजे.

माझे प्रश्न असे की खोका घेतल्यावर पुढे किती पैसे जातात, कारण दुकानदार फक्त खोक्याची किंमत सांगतो. दुसरं म्हणजे डिस्कवाला की डिजिटल (ज्यात डिस्क टाकताच येत नाही, गेम उतरवूनच घ्यायचे), किमतीत फरक आहे. आणि तिसरं, माझ्यासारख्या माणसाने, ज्याला आठवड्याला चार-पाच तास मिळतील, त्याने मुळात घ्यावा का? की दोन महिन्यांत धूळ खात पडेल? खरं खरं सांगा, विकायला बसल्यासारखं नको.

लॅमिंग्टनचा_लाडका

भावा तुझा पहिला प्रश्न सगळ्यात भारी आहे म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो. खोक्याची किंमत म्हणजे नुसतं प्रवेशाचं तिकीट आहे. हिशोब बघ. भारतात पीएस५ आला २ फेब्रुवारी २०२१ ला, तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९०. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले, आणि एप्रिल २०२४ ला स्लिम (नंतरचं बारीक मॉडेल) आला तोही ५४,९९० आणि ४४,९९० लाच. म्हणजे 'थांब रे, दोन वर्षांत स्वस्त होईल' हे जे आपण पीएस४ च्या वेळी ऐकलं (तो जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० ला आला आणि मग खाली येत गेला) ते या पिढीत झालंच नाही, उलटंच झालं. स्वस्त व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही, फक्त दिवाळीत नाहीतर उन्हाळ्यात कंपनीची अधिकृत सूट येते तेवढी पकडायची.

आता पुढचं. पहिल्या दिवशी मोठा गेम घ्यायला गेलास तर सोनीचे स्वतःचे ४,९९९ च्या घरात, बाकीचे थोडे इकडे तिकडे. दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास, आणि तो लागतोच, पोरगा आहे म्हणजे लागतोच, ते गृहीत धर. ऑनलाइन मित्रांबरोबर विकतचा गेम खेळायचा असेल तर पीएस प्लस (सोनीची वर्गणी) घ्यावं लागतं (फोर्टनाइटसारखे फुकटचे गेम त्याशिवाय चालतात, हे दुकानात कोणी सांगत नाही). प्लसचे आपल्याकडे तीन प्रकार, इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स. तुझ्यासारख्याला एक्स्ट्रा फायद्याचं, कारण त्यात शेकडो जुने गेम येतात आणि तू गेली दहा-बारा वर्षं काहीच खेळला नाहीस म्हणजे तुला सगळेच नवीन! पण एक लक्षात ठेव, ते गेम आपले नसतात, यादीतून काढले की गेले, आणि वर्गणी थांबवली तरी गेले.

डिस्क की डिजिटल याला माझ्या मते एकच उत्तर, डिस्क. डिजिटलमध्ये पैसे वाचतात असं वाटतं पण डिस्क विकता येते, बदलता येते, मित्राकडून आणता येते. इकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला वापरलेली डिस्क निम्म्याच्या आसपास मिळते, खेळून झाली की थोडं नुकसान सोसून परत देता येते. डिजिटलवाला दुकानाच्या सेलची वाट बघत बसतो, त्याला दुसरा पर्यायच नाही. आणि पीएस४ च्या जुन्या डिस्क पण डिस्कवाल्या पीएस५ वर चालतात, जवळपास सगळे पीएस४ गेम चालतात, त्या तर आता पडेल भावात मिळतात. स्लिमच्या डिजिटलला नंतर वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडता येतो हे खरं, पण त्याचे पैसे धरले की वाचलेलं सगळं तिकडेच जातं.

धूळ खाईल का? ते मला कसं सांगता येईल राव. पण एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. यात रेस्ट मोड म्हणून आहे, मधेच आईने हाक मारली, बटण दाबलं, बंद. उद्या चालू केलं की गेम जिथे होता तिथेच उभा. सायबर कॅफेतल्या माणसाला याची किंमत कळेल. तासभर खेळणाऱ्याला याचा उपयोग आठ तास खेळणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

संत्रानगरी_११

नको घेऊ बे. पंचावन्न हजार, वरून कंट्रोलर, वरून गेम, वरून वर्गणी, सत्तरच्या वर गेलं आणि याच्यावर पोराचा होमवर्क होते का? प्रोजेक्ट होते का? एक्सेल उघडते का? तेवढ्यात पीसी येते, पाच वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदल, रॅम टाक, चालू. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) सेल लागला की गेम भाजीच्या भावात आणि ऑनलाइन खेळाले कोणाले वर्गणी द्यावी लागत नाही. मी तर म्हणतो कन्सोल म्हणजे कंपनीच्या दावणीले बांधून घेणं हाय, दुकान तिचं, भाव तिचा.

लॅमिंग्टनचा_लाडका

संत्रा भाऊ, सत्तर हजारात मॉनिटर, कीबोर्ड, युपीएस धरून पीएस५ च्या तोडीचा पीसी बांधून दाखवा, यादी इथेच टाका, बघू सगळे. नुसतं ग्राफिक्स कार्डच तीस-पस्तीस खाऊन जातं. शिवाय प्रश्नकर्ते साडेनऊला सोफ्यावर बसून तासभर खेळणार आहेत, त्यांना ड्रायव्हर अपडेट आणि सेटिंग लावत बसायचं नाहीये.

संत्रानगरी_११

यादी टाकतो रात्री. अन् वापरलेलं कार्ड धरलं तर बसते, लिहून ठेवा. पण स्टीमच्या भावाबद्दल बोलले नाही तुम्ही, ते बरोबर टाळलं 😀

पन्हाळ्याची_पोर

मी जरा आईच्या बाजूने लिहिते कारण इथं सगळे भाऊच बोलायला लागलेत. आमच्यात दोन मुलं, एक नऊची एक तेराचा, आणि पीएस५ हॉलमधे आहे. दादा तुम्ही पोराचं नाव घेतलंय म्हणून सांगते, कन्सोल तुमचा राहणार नाही हे आधी मनाशी पक्कं करा. शनिवार रविवार तो त्याचाच.

आता चांगलं काय ते सांगते. मोबाईलपेक्षा लई बरं. मोबाईल घेऊन पोरगं कोपऱ्यात जातं, काय बघतंय काय खेळतंय कळत नाही, आणि दर दोन मिनिटाला जाहिरात. टीव्हीवर सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं. आणि दोघांनी एकत्र बसून खेळायचे गेम असतात ते खरंच छान असतात, इट टेक्स टू म्हणून आहे, तो एकट्याला खेळताच येत नाही, दोघं पाहिजेतच, आमची भावंडं त्या एका गेमपुरती भांडायची थांबली होती (नंतर परत सुरू). मशीनबरोबर एक ॲस्ट्रोचा गेम फुकट येतो, छोटा आहे पण कंट्रोलर हातात कसा थरथरतो, वाळूवर चालल्यावर वेगळा, काचेवर वेगळा, बटण दाबताना कसं जड होतं, ते त्याच्यातच कळतं. माझ्या सासूबाईंनी पण खेळून बघितलाय.

आता वाईट. मुलाला तुमच्या अकाउंटवर खेळू देऊ नका. त्याचं वेगळं चाइल्ड अकाउंट काढा, फॅमिली मॅनेजमेंटमधे जाऊन रोजचा वेळ ठरवता येतो, कुठल्या वयाचे गेम चालतील ते ठरवता येतं, आणि महिन्याला खर्च किती करायचा त्याची मर्यादा पण घालता येते, ती शून्य ठेवा. फुटबॉलच्या गेममधे ते खेळाडूंचे पॅक विकतात ना, तिथे मुलं अडकतात, पत्ते फोडल्यासारखं आहे ते, काय निघेल माहीत नाही, परत फोड. माझ्या ओळखीत एकीच्या कार्डावरून बरेच पैसे गेले होते म्हणून सांगते, कार्ड सेव्ह करूच नका, वॉलेटचं कार्ड विकत आणा आणि तेवढेच टाका. आणि अनोळखी लोकांशी हेडफोनवर बोलणं, ते पण बंद ठेवता येतं.

वेळ संपला की आपोआप बंद पण करता येतो, पण मी तसं ठेवलं नाही, नुसती सूचना येते आणि मग मी उठून बंद करते. मशीनने बंद केलं की पोरगं मशीनवर चिडतं आणि मग मॅच चालू होती म्हणून रडारड. आईने केलं की निदान आईशी भांडता येतं 😄

गोदाकाठचा_गेमर

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं कोणी सांगत नाही. ताई तुमचं चाइल्ड अकाउंटचं लगेच लिहून घेतलं. संत्रा भाऊ पीसीचा विचार केला होता, पण पीसीचं काम दिवसभर ऑफिसात करतो, घरी आल्यावर परत त्या खुर्चीत बसायची इच्छा होत नाही हो.

अजून थोडं विचारतो. टीव्ही आमचा ४३ इंची, फोर के आहे पण १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) वगैरे नाही, चालेल का? वीजबिल किती वाढेल? आणि चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, तो डिसेंबरात येतोय, त्याला आणायला सांगू का, तिकडे स्वस्त असेल ना? आणि सेकंड हँड कसा राहील?

दापोलीकर

टीव्हीचं सांगतो. चालेल, मस्त चालेल. १२० हर्ट्झ देणारे गेम मोजकेच, बहुतेक ३० नाहीतर ६० फ्रेमवरच चालतात, त्यासाठी टीव्ही बदलायच्या भानगडीत पडू नका. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर खेळाडू जरा उशिरा हलतो आणि माणूस उगाच कंट्रोलरला शिव्या घालतो.

वीज म्हणाल तर मोठा गेम चालू असताना साधारण २०० वॅट धरा. म्हणजे पाच तासांना एक युनिट. तुम्ही आठवड्याला पाच तास खेळणार म्हणजे महिन्याला चार-पाच युनिट, पोरगा धरून दहा-बारा. तुमचं बिल १०० युनिटच्या काठावर असेल तर मात्र महावितरणचा पुढचा स्लॅब लागतो, तेवढं बघा. टीव्हीची वीज वेगळी पण तो तसाही चालूच असतो.

वीज किती खातो यापेक्षा ती जाते कधी, आमचा प्रश्न तो. पावसाळ्यात इकडे दिवसातनं कितीदा जाते त्याचा काही नेम नाही. वर ज्या रेस्ट मोडचं कौतुक झालं ना, वीज गेली की तो थांबवून ठेवलेला गेम गेला, शेवटचं सेव्ह जिथे होतं तिथून परत सुरू. आणि सेव्ह होत असताना गेली तर पुढच्या वेळी मशीन आधी स्वतःची तपासणी करत बसतं. इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या, किंवा छोटा युपीएस. आणि टीव्हीच्या कपाटात बंद करून ठेवू नका, मागून गरम हवा निघते त्याला जागा पाहिजे. जुन्या जाड मॉडेलला बाजूचं कव्हर काढलं की धूळ ओढून घ्यायची भोकं दिलेली आहेत, व्हॅक्यूम लावायचा.

अजून एक कोणी बोललं नाही ते म्हणजे इंटरनेट. डिस्क घेतली तरी गेम आत कॉपी होतोच आणि वर अपडेट उतरवावं लागतं. मोठे गेम आता शंभर जीबीच्या आसपास जातात. शंभर एमबीपीएसची फायबर असेल तर अडीच तासांत उतरेल, पण मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर उतरवायचा म्हटला तर पोरगा अकरावीला जाईल. 😂 जागेचं पण तसंच, पहिल्या मॉडेलला ८२५ जीबी लिहिलेलं असतं त्यातलं हातात ६६७ च येतं, स्लिमला एक टीबी. भरलं की एम.टू एसएसडी (छोटी वेगवान डिस्क) आत बसवता येते, हीटसिंकवाली (गरमी ओढणारी पट्टी लावलेली) घ्यायची, स्क्रू ड्रायव्हरने दहा मिनिटांचं काम. बाहेरची साधी हार्ड डिस्क लावली तर तिच्यावरून पीएस४ चे गेम खेळता येतात, पीएस५ चे फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत.

हडसनपार

न्यू जर्सीचं विचारलंय म्हणून लिहितोय कारण दर वर्षी कोणीतरी मला पण हेच सांगतं. नका मागवू. ऑगस्ट २०२५ मध्ये इथे ५० डॉलर वाढवले, डिस्कवाला ५५० डॉलरला गेला, त्यावर राज्याचा सेल्स टॅक्स वेगळा, म्हणजे रुपयांत काही वाचत नाही, आणि एवढा मोठा खोका सामानात आणायचा, कस्टमवाल्याने विचारलं तर उत्तर द्यायचं. मशीन तिकडच्या २३० व्होल्टवर चालतं, त्याची अडचण नाही, केबल बदलली की झालं. गेमच्या डिस्क पण कुठल्याही देशाच्या चालतात. अडचण वॉरंटीची, इथली तिकडे चालत नाही. आणि इथून डिस्क आणली तर तिच्यासाठी नंतर विकत घेतलेला जास्तीचा भाग तुमच्या भारतातल्या अकाउंटला जुळेलच असं नाही.

मागवायचंच असेल तर पीएस५ प्रो (जास्त ताकदीचं मॉडेल) मागवतात लोक, कारण नोव्हेंबर २०२४ ला जगभर आला तेव्हा भारतात आलाच नव्हता, त्याच्या नव्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तिकडे खुला नव्हता म्हणून. पण तासभर खेळणाऱ्या माणसाला प्रो कशाला? भावाला चॉकलेट आणायला सांगा.

लॅमिंग्टनचा_लाडका

हडसन भाऊंना अनुमोदन. सेकंड हँडचं सांगतो. घेता येतो, बरेच लोक हौसेने घेतात आणि वर्षभरात विकतात, पण असा फोटो बघून पैसे पाठवायचे नाहीत. समोर जाऊन, टीव्हीला लावून, अर्धा तास गेम चालवून बघायचा. एचडीएमआयचं भोक हलतंय का ते बघ, ते गेलं की खर्च येतो. डिस्क टाकून वाचते का बघ. स्वतःचं अकाउंट तिथेच लॉग इन करून बघ, कारण कंपनीने एखाद्या मशीनवर बंदी घातलेली असली तर ते ऑनलाइन जातच नाही आणि घेणाऱ्याला घरी जाऊन कळतं. बिल माग, वॉरंटी एक वर्षाचीच असते. आणि कंट्रोलर हातात घेऊन काडी (अंगठ्याने फिरवायची स्टिक) सोडून दे, मेनूत आपोआप सरकत असेल तर ड्रिफ्ट आहे. ती काडी घासून घासून झिजते, पीएस५ चं काय नि बाकीचं काय, या जातीच्या सगळ्याच काड्यांचं होतं, म्हणून नवीन कंट्रोलर सहा हजारांचा धरायचा आणि तेवढा भाव पाडून मागायचा.

ईएमआयवर घेणार असशील तर 'नो कॉस्ट' म्हणतात त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बँक लावतेच, बारीक अक्षरात असतं, वाच.

आणि तुझ्या टीव्हीच्या अडचणीला एक उपाय आहे. रिमोट प्ले नावाचं फुकट ॲप आहे. आई हॉलमध्ये मालिका बघतेय, पीएस५ शेजारीच रेस्टवर आहे, तू आतल्या खोलीत लॅपटॉपवर कंट्रोलर जोडून तोच गेम खेळ, टीव्हीला काही होत नाही. वायफाय चांगलं पाहिजे आणि पीएस५ ला राउटरची वायर लावलेली बरी. याच्यासाठी पोर्टल नावाचं वेगळं यंत्र पण मिळतं पण ते १९ हजारांच्या आसपास, त्यापेक्षा एक साधा मॉनिटर घेऊन आतल्या खोलीत लावलास तर स्वस्तात काम होतं.

संत्रानगरी_११

मॉनिटर घ्या म्हणे. हे तर पीसीच बनवून राहिले हळूहळू 😂😂

आणि एक्सबॉक्स सिरीज एस (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) चं कोणी नावच नाही घेतलं. ३४,९९० ले आला होता २०२० मध्ये.

दापोलीकर

नाव घेतलं नाही कारण डिस्क ड्राइव्हच नाही त्याला, आणि मूळ मॉडेलला जागा ५१२ जीबी, हातात येते ३६४. तीन मोठे गेम टाकले की भरला. गेम पासवरच (एक्सबॉक्सची गेमची वर्गणी) राहणार असाल तर बरा आहे, म्हणजे ज्याला एकही गेम विकत घ्यायचा नाही अशा माणसाला. पण पोराला क्रिकेट पाहिजे, मित्रांकडून डिस्क आणायच्या, तर पीएसच बरा. आपल्याकडे शेजारीपाजारी, नातेवाईकांत पीएस जास्त दिसतो, देवाणघेवाण त्याच्यातच होते.

पन्हाळ्याची_पोर

क्रिकेटवरून आठवलं, क्रिकेट २४ घेणार असाल तर आधी कुणाकडे तरी खेळून बघा. आमच्या मोठ्याला आवडतो पण फुटबॉलवाल्यासारखा गुळगुळीत नाही तो, क्षेत्ररक्षक कधी कधी चेंडू बघत उभे राहतात. आपले पुण्याचे लोक, नॉडिंग हेड्स म्हणून, त्यांनी राजी नावाचा एक गेम केलाय, राजस्थानी महाल, हिंदू पुराणातल्या गोष्टी, तो मात्र मुलांना जरूर द्या. फार मोठा नाही आणि महाग पण नाही.

गोदाकाठचा_गेमर

मंडळी ठरलं. स्लिम डिस्कवाला नवीनच घेतो, पुढची सूट लागली की. एक्स्ट्रा कंट्रोलर तेव्हाच. मोठा गेम विकत घेत नाही, आधी प्लस एक्स्ट्राचा एकच महिना घेऊन बघतो, खरंच खेळणं होतंय का ते कळेल, झालं तर पुढचं. जीटीए ६ ची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ सांगितली आहे आणि पीसीवर कधी येणार ते जाहीरच नाही, म्हणून ऑफिसातले सगळे आत्तापासून मागे लागलेत की घे, पण त्याच्यासाठी आत्ता घाई करत नाही. आतल्या खोलीत ऑफिसचा लॅपटॉप चालतो का रिमोट प्लेला ते आयटीवाल्याला विचारावं लागेल, बहुतेक नाही म्हणेल. 😅

शेवटचा एक प्रश्न, साडूकडे पीएस४ चे दोन कंट्रोलर पडून आहेत, तो देतो म्हणतोय. दुसरा कंट्रोलर म्हणून चालतील ना? सहा हजार वाचतील.

लॅमिंग्टनचा_लाडका

पीएस५ वर पीएस४ चा गेम लावला तर चालतील. पीएस५ च्या गेमला नाही चालणार. आणून ठेव, पीएस४ चे जुने फुटबॉल गेम दोघांनी खेळायला कामाला येतील. काडी तेवढी तपासून घे, साडूचा आहे म्हणून सोडू नको.

संत्रानगरी_११

पीसीले दोन्ही चालतात बरं का. यादी टाकतो रात्री.